नाक-कपाळ तेलकट, गाल कोरडे: नाशिकच्या हवेत कुठला फेसवॉश सोसतो?

गोदाकाठची | १२ डिसेंबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी मूळची चिपळूणची, लग्न होऊन नाशिकला आले त्याला चार वर्षं झाली. गंगापूर रोडला राहतो. सोसायटीत नळाचं पाणी कमी पडलं की बोअरचं सोडतात.

चिपळूणला बाराही महिने चेहरा तेलकट असायचा. कॉलेजातून घरी येऊन ओढणीने नाक पुसलं की ओढणीला डाग. इथे आल्यावर मात्र वेगळंच सुरू झालं. नाक, कपाळ, हनुवटी तशीच चकचकीत, पण दिवाळी उलटली की गालांवर कोंड्यासारखे पांढरे पापुद्रे येतात. हसलं तरी कातडी ओढल्यासारखी होते.

पहिल्या वर्षी दुकानातल्या मुलीने कोळशाचा काळा फेसवॉश दिला, म्हणाली सगळं तेल खेचून घेतो. घेतलंही. तोंड धुतल्यावर नाकावरून बोट फिरवलं की घासलेल्या स्टीलच्या ताटावर येतो तसा आवाज यायचा, आणि मला वाटायचं, आता खरं स्वच्छ झालं. वीस मिनिटांत गाल लाल, आणि मधल्या सुट्टीपर्यंत नाक पुन्हा होतं तसंच. मग मी दिवसातून चार-चार वेळा धुवायला लागले. पुढे कंटाळून कोरड्या त्वचेचा क्रीमसारखा आणला, तर गाल सुधारले आणि कपाळावर बारीक पुटकुळ्या उठल्या.

मी शाळेत शिकवते. दिवसभर खडूची धूळ, येता-जाता स्कूटीवर रस्त्याची धूळ, आणि रात्री सनस्क्रीन उतरायलाच हवं. दोन्हीकडे चालेल असा एक फेसवॉश असतो का, की दोन ठेवायचे? नुसती नावं सांगू नका, तुम्ही कशावरून निवडता ते सांगा.

निशिगंधा_सिडको | १२ डिसेंबर, रात्री १०:१५

अगदी माझीच गोष्ट लिहिलीस. गेल्या आठवड्यापासून तर ओठांच्या कडासुद्धा फुटायला लागल्यात. वाचतेय.

सातपूरकर | १२ डिसेंबर, रात्री ११:०५

ताई, मी सीएनसी मशीनवर असतो. मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे, म्हणजे कूलंटचे बारीक थेंब दिवसभर तोंडावर. शिफ्ट सुटली की वॉशबेसिनवर जे हात धुवायचं असेल त्यानेच तोंड, असं मी सहा वर्षं केलं. तेल जातं, पण भुवयांच्या मध्ये आणि नाकाच्या बाजूला कातडी सोलून निघायला लागली. आता डब्यात छोटी बाटली वेगळी ठेवतो. कुठली चांगली ते माहितगारांनी सांगावं, मीही त्यासाठीच इथे थांबलोय.

निर्मलाकाकू_पंचवटी | १३ डिसेंबर, सकाळी ७:२०

बाळा, तुम्ही पोरी हे ट्यूबमधलं लावता कशाला? मी साठ वर्षांची आहे, जन्मात तोंडाला साबण लावला नाही. मसुराचं किंवा हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, चिमूटभर आंबेहळद, थंडीत साय आणि उन्हाळ्यात दही. दिवाळीचं उटणं उरलं की तेही. माझ्या सासूबाईंनी हेच केलं. एकदा महिनाभर करून बघ.

मेडिकलवाली | १३ डिसेंबर, दुपारी ३:३०

मी इंदिरानगरला मेडिकलच्या काउंटरवर असते, फार्मसी शिकलेली. हा प्रश्न दिवसातून तीनदा तरी येतो आणि काउंटरवर सगळं सांगायला वेळ मिळत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

गोदाकाठची ताई, तुम्हाला जो आवाज स्वच्छतेचा वाटला, तिथेच सगळी गल्लत आहे. चेहऱ्यावर दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, ग्रंथींमधून वर येणारं तेल, म्हणजे सिबम. ते नाक, कपाळ आणि हनुवटीवर जास्त, कारण ग्रंथी तिथे दाटीने असतात. दुसरी, त्वचेच्या अगदी वरच्या थरात पेशींच्या मधोमध असलेली स्निग्ध द्रव्यं, सेरामाइड वगैरे. विटांमधल्या सिमेंटसारखी. आतलं पाणी तीच धरून ठेवतात. कडक फेसवॉशला या दोन्हींतला फरक कळत नाही, तो तेलाबरोबर सिमेंटही खरवडून नेतो. तेल तासा-दोन तासांत परत येतं, कारण ग्रंथी हार्मोन्सच्या हुकमावर चालतात, त्यांना तुम्ही तोंड किती वेळा धुतलं याच्याशी देणंघेणं नाही. सिमेंट मात्र इतक्या लवकर भरून येत नाही. म्हणून नाक तेलकट ते तेलकटच राहिलं आणि गाल सोलले.

चिपळूणला हे झालं नाही, कारण तिथली हवा दमट. इथे डिसेंबरात हवा कोरडी, निफाडचा पारा तर रोज बातम्यांत असतो, आणि त्यात आपण आंघोळीचं कढत पाणीच तोंडावर मारतो. कढत पाणी तेलाबरोबर ते सिमेंटही वितळवतं. चेहऱ्याला कोमट पाणी घ्या, बोट घातलं तर गरमही लागू नये आणि गारही.

आता निवडायचं कसं. ट्यूबची पुढची बाजू वाचूच नका, उलटी करून मागची यादी बघा. आपल्याकडे २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणून पहिली पाच-सहा नावं कळली तरी पुरे.

पाण्यानंतर लगेच मायरिस्टिक ॲसिड, स्टिअरिक ॲसिड, लॉरिक ॲसिड आणि जवळपास पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसलं, तर ट्यूबमध्ये असूनही तो साबणच आहे. ही आम्लं आणि तो अल्कली मिळून साबण बनतो. फेस दाट, मऊ, मलईसारखा येतो, लोकांना तो फार आवडतो, आणि थंडीत गाल उलायला बरेचदा तोच कारण असतो. साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचा आकडा (जितका जास्त तितका अल्कली), ९-१० च्या घरात असतो आणि आपल्या त्वचेचा साधारण ४.५ ते ५.५.

सोडियम लॉरिल सल्फेट वरच्या नंबरात असेल तर ठेवून द्या. त्वचेचा दाह कसा होतो याचा अभ्यास करताना प्रयोगशाळेत मुद्दाम हेच लावतात. नावाने जवळचं असलेलं सोडियम लॉरेथ सल्फेट त्यापेक्षा सौम्य असतं, आणि जोडीला कोकामिडोप्रोपिल बीटेन असेल तर आणखी सौम्य होतं. तेवढ्यावरून घाबरू नका.

शोधायची नावं म्हणजे सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, आणि वर सांगितलेलं बीटेन. आणि ग्लिसरिन यादीत वर हवं, तळाशी नको. "सल्फेट-फ्री" एवढ्या शब्दावर जाऊ नका. साबणही सल्फेट-फ्रीच असतो, आणि ओलेफिन सल्फोनेट नावाचा घटक सल्फेट नसूनही बऱ्यापैकी कडक असतो.

मिश्र त्वचेला रोजच्यासाठी एकच सौम्य, पातळ जेलसारखा, वास नसलेला फेसवॉश पुरतो. दोन ठेवायची गरज नाही. तेल जास्त आहे तिथे बोटं थोडी जास्त वेळ फिरवा, गालांवरून फेस शेवटी नुसता नेऊन लगेच धुवा. सकाळ-संध्याकाळ दोनदा, आणि घाम आला तर त्यानंतर. याच्या वर नको.

निशिगंधा_सिडको | १३ डिसेंबर, दुपारी ४:१०

मी आत्ता बाथरूममध्ये जाऊन माझी ट्यूब उलटी करून पाहिली. मायरिस्टिक ॲसिड दुसऱ्या नंबरावर!! आणि पुढे लिहिलंय "जेंटल".

गोदाकाठची | १३ डिसेंबर, रात्री ८:४०

ताई, शतशः आभार. इतकं नीट आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. बोअरच्या पाण्याचा काही संबंध असतो का? आमच्या नळाला आणि बादलीला पांढरा थर बसतो.

आणि निर्मलाकाकू, साय-पीठ मी केलं होतं. गालांना छान वाटलं, पण पुटकुळ्यांवर घासलं गेलं आणि त्या चिघळल्या.

मेडिकलवाली | १३ डिसेंबर, रात्री ९:३०

असतो, चांगलाच. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. बादलीच्या काठावर जो बसतो तोच चेहऱ्यावरही राहतो, आपण तो निघेना म्हणून आणखी घासतो. वर सांगितलेल्या साबण नसलेल्या फेसवॉशचा असा साका जवळजवळ होत नाही. बोअरच्या पाण्याला ते बदलणं हाच सोपा उपाय. शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेतलात तर उत्तम.

काकूंच्या पिठाबद्दल मनापासून सांगते. डाळीचं पीठ तेल शोषतं हे खरं आहे, आणि साय कोरड्या त्वचेला चांगलीच. काकूंना ते सोसतं कारण पुटकुळ्यांचं वय मागे पडलंय आणि त्यांचा हातही हलका असणार. पुटकुळ्या असलेल्या चेहऱ्यावर कुठलीही दाणेदार वस्तू घासायची नाही, मग ते पीठ असो, अक्रोडाचा स्क्रब असो की साखर. त्यात लिंबू तर कधीच पिळू नका. ते फार आम्ल असतं, आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर चट्टे उठून काळे डाग महिनोन्महिने राहतात.

निर्मलाकाकू_पंचवटी | १४ डिसेंबर, सकाळी ६:५५

पटलं गं. आम्ही पीठ कधी घासायचो नाही, भिजवून लावायचं आणि ओलं असतानाच पाण्याने सोडवायचं. वाळून तडकू दिलं तर सासूबाई ओरडायच्या. आजकाल वाळवून खरडतात ते मला पण बघवत नाही. लिंबाचं मात्र माहीत नव्हतं. नातीला सांगते.

सातपूरकर | १४ डिसेंबर, दुपारी ४:४५

मेडिकलवाली ताईंचं पीएचचं वाचलं आणि डोक्यात बसलं. आमच्याकडे कूलंटचा पीएच रोज तपासतात, ९ च्या आसपास ठेवावा लागतो नाहीतर जॉबला, म्हणजे मशीनवरच्या धातूच्या तुकड्याला गंज येतो. त्याच्या कागदी पट्ट्या असतात. सुपरवायझरना विचारून चार पट्ट्या घरी आणल्या. वाटीत थोडं पाणी, त्यात एकेक वस्तू कालवून पट्टी बुडवली.

अंगाचा साबण: पट्टी गडद हिरवी-निळी, १० च्या रकान्याला जुळली. बायकोचा मलईसारखा फेसवॉश: ९ च्या जवळ. माझा हात धुवायचा लिक्विड: साडेआठ-नऊ. मेहुणीकडे डॉक्टरांनी लिहून दिलेली बाटली होती, तिची पट्टी पिवळसर राहिली, साडेपाच. बायको शेजारी उभी राहून बघत होती. एवढे दिवस मशीनवर जे जपतो त्याच आकड्याचं पाणी आम्ही तोंडावर घेत होतो.

एक शंका. अंगाच्या साबणावर ग्रेड १ लिहिलंय, टीएफएम ७६ टक्के. जास्त टीएफएम म्हणजे सौम्य असं ऐकलेलं, ते खोटं का?

मेडिकलवाली | १४ डिसेंबर, रात्री १०:००

दादा, हे तुम्ही फार छान केलंत, मी काउंटरवर सांगणार आहे.

टीएफएम म्हणजे साबणात स्निग्ध पदार्थ किती, भेसळ-भरताड किती, याचा हिशोब. ग्रेड १ ला किमान ७६ टक्के लागतं. साबण म्हणून तो चांगला, कमी झिजतो, अंगाला बरा. पण साबण म्हटला की अल्कली आलाच, १०० टक्के झाला तरी पीएच खाली येत नाही. अंगाला ठेवा, चेहऱ्याला नको. वडीच हवी असेल तर "सिन्डेट बार" मागा, त्यात साबण नसतो.

तुम्हाला कूलंट आणि तेल काढायचं आहे. शिफ्ट सुटल्यावर आधी ओल्या मऊ कापडाने टिपून घ्या, मग सौम्य फेसवॉश दोनदा थोडा-थोडा. एकदा कडक लावण्यापेक्षा दोनदा सौम्य बरा. सनस्क्रीन उतरवतानाही हेच. आणि नाकाच्या बाजूला, भुवयांत पिवळसर, चिकट खपल्या असतील तर तो नुसता कोरडेपणा नाही, कोंड्याचाच चेहऱ्यावरचा प्रकार असू शकतो. तो फेसवॉशने जाणार नाही, दाखवून घ्या.

द्राक्षबाग_दिंडोरी | १५ डिसेंबर, रात्री ८:२०

आम्हा बागवाल्यांचंही विचारतो. छाटणीनंतर फवारणी सुरू झाली की मास्क, गॉगल, टोपी घालून तीन-तीन तास. मास्कच्या रबराखाली आणि टोपीखाली कपाळावर बारीक, सारखे दिसणारे दाणे येतात आणि खाजतात. मेडिकलमधून सॅलिसिलिकचा फेसवॉश आणला, थोडा फरक पडला, पण गाल आगीसारखे होतात.

मेडिकलवाली | १५ डिसेंबर, रात्री ९:१५

सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, म्हणून तेलाने बुजलेल्या छिद्रात शिरून ते मोकळं करतं. तेलकट भागाला म्हणूनच देतात, फेसवॉशमध्ये बहुधा २ टक्क्यांपर्यंत. पण ते गालांवर रोज नको. आठवड्यातून तीन दिवस, फक्त कपाळ, नाक, हनुवटी. अर्धा-पाऊण मिनिट ठेवून धुवा. बाकी दिवस साधा सौम्य. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर वापरू नका, गरोदरपणात डॉक्टरांना विचारून.

तुमचे दाणे सगळे एकसारखे आणि खाजणारे आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. घाम कोंडला की केसांच्या मुळाशी बुरशीमुळे असे दाणे येतात आणि ते पिंपल्ससारखेच दिसतात. त्याचं औषध वेगळं. डॉक्टर बघूनच सांगतील. तोवर मास्कचा चेहऱ्याला टेकणारा भाग रोज धुवा, टोपीही. आणि फवारणीनंतर घरी येऊन आधी हात धुवा, मग तोंड. फवारणीचे हात तोंडाला लागायला नकोत.

कॉलेजरोड_१९ | १६ डिसेंबर, रात्री ११:४०

मला खूप दिवस विचारायचं होतं, धीर होत नव्हता. मी १९ वर्षांची आहे. पिंपल्स होते म्हणून ओळखीच्या एका पार्लरमध्ये साध्या डबीत क्रीम दिलं. डबीवर काहीच लिहिलेलं नाही. पंधरा दिवसांत चेहरा एकदम तुकतुकीत झाला, सगळे विचारायचे काय लावतेस. आता सात महिने झाले. एक दिवस नाही लावलं तर आग, लालबुंद, आणि पिंपल्स आधीपेक्षा जास्त. ऊन लागलं तर चटचट होतं. हनुवटीवर लव वाढलीय. तुम्ही सांगितलेला सौम्य फेसवॉश आणला, तोसुद्धा झोंबतो. माझ्या त्वचेला कुठला फेसवॉश चालेल?

मेडिकलवाली | १६ डिसेंबर, रात्री ११:५८

बाळ, बरं केलंस लिहिलंस. यात तुझी काही चूक नाही. तू लिहिलेली लक्षणं स्टेरॉइडच्या मलमाची वाटतात. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावं असतात, गोरेपणाच्या नावाने डब्यांत भरून देतात. अशी मलमं २०१८ पासून शेड्यूल एच मध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना गेली कित्येक वर्षं याच गोष्टीसाठी जीव तोडून सांगते आहे.

तुझा प्रश्न फेसवॉशचा नाही. झोंबतंय कारण वरचा थरच पातळ झालाय. या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि ती डबी बरोबर ने, टाकू नकोस. क्रीम कसं थांबवायचं ते त्यांनाच ठरवू दे. तोपर्यंत नुसतं कोमट पाणी, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, उन्हात ओढणी. आईला सांगितलंयस का? नसेल तर आज सांग.

गोदाकाठची | १७ डिसेंबर, सकाळी ६:३०

कॉलेजरोड, मी गंगापूर रोडलाच असते. आईला सांगणं अवघड वाटत असेल तर मला व्यक्तिगत निरोप कर, मी डॉक्टरांकडे बरोबर येते.

गोदाकाठची | २१ जानेवारी, रात्री ९:००

पाच आठवडे झाले, ठरल्याप्रमाणे लिहायला आले.

मेडिकलवाली ताईंच्या यादीप्रमाणे दुकानात उभी राहून सात बाटल्या उलट्या करून वाचल्या. ग्लिसरिन दुसऱ्या नंबरावर आणि पुढे ग्लुकोसाइड-बीटेन असलेली, वास नसलेली एक घेतली. जबड्याखाली कानाजवळ चार दिवस लावून पाहिली, मग चेहऱ्यावर. पहिला आठवडा फार चुकल्यासारखं वाटलं. फेस कमी येतो, आणि धुतल्यावर बोट फिरवलं की आवाज येत नाही, किंचित बुळबुळीत लागतं. मला सारखं वाटायचं, निघालंच नाही. कापसाने पुसून पाहिलं, कापूस स्वच्छ.

मग मी ताईंनी सांगितलं नव्हतं ते एक केलं. धुतल्यावर काहीही न लावता अर्धा तास थांबायचं आणि आरशासमोर तोंड मोठ्ठं उघडायचं. गाल ओढले तर फेसवॉश कडक. पहिल्या दोन दिवसांत थोडे ओढले, मग नाही. आता तोंड धुतल्या-धुतल्या ओलसर असतानाच पातळ जेल मॉइश्चरायझर लावते, गालांवर दोनदा, नाकावर बोटाला उरलेलं.

पापुद्रे नवव्या-दहाव्या दिवशी गेले. नाक अजून दुपारी तेलकट होतं, ते होणारच हे आता मान्य केलंय. टिपकागदाने टिपते, धुवायला जात नाही. परवा चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही आता मधल्या सुट्टीत तोंड धुवायला नाही जात?"

निशिगंधा_सिडको | २१ जानेवारी, रात्री ९:२५

मस्त वाटलं वाचून. माझेही ओठ सुधारले, फेसवॉश ओठांना लावायचा नसतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! रंगपंचमीचं काय करायचं गं? आमचा अख्खा वाडा रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात उतरतो.

मेडिकलवाली | २१ जानेवारी, रात्री १०:१०

आदल्या रात्रीपासून सॅलिसिलिक बंद. उतरायच्या आधी गालांना, कानामागे, केसांच्या कडेला व्हॅसलीनचा पातळ हात. घरी आल्यावर गार पाण्याने जेवढा जाईल तेवढा रंग जाऊ द्या, मग सौम्य फेसवॉश दोनदा, बस्स. उरलेला रंग त्वचेच्या वरच्या थराबरोबर आपोआप जातो. रॉकेल आणि कपड्यांच्या पावडरीने तोंड धुऊन दुसऱ्या दिवशी माझ्या काउंटरवर येणारे दरवर्षी असतात.

सातपूरकर | २२ जानेवारी, सायंकाळी ५:१०

नाकाजवळच्या खपल्या दाखवल्या. कोंड्याचाच प्रकार निघाला, मलम दिलंय. आमच्या शिफ्टमध्ये वॉशबेसिनवर आता तिघांच्या बाटल्या आहेत.

कॉलेजरोड_१९ | २ फेब्रुवारी, रात्री १०:३०

आईला सांगितलं. ती रागावली नाही, माझ्याबरोबर रडली. डॉक्टरांनी डबी पाहिली आणि स्टेरॉइडच असणार म्हणाले. सध्या फक्त साधा फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि एक गोळी. बरं व्हायला काही महिने लागतील असं सांगितलंय. पहिले दहा-बारा दिवस फार वाईट गेले, आता रात्री झोप लागते. फेसवॉश झोंबायचा थांबलाय, आज पहिल्यांदा. गोदाकाठची ताई, पुढच्या तारखेला तुम्ही आलात तर मला आवडेल. २८ तारीख आहे, संध्याकाळी साडेपाच.